बाईंनी शिवून ठेवलेलं पान

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असं कुणी विचारलं, तर मी आई-वडिलांच्याही आधी लोखंडे बाईंचं नाव घेतो. आई-वडिलांना त्याचं वाईट वाटत नाही. आई तर स्वतःच म्हणते, "आमी नुसतं वाढवलं. बाईनं साळंत बसवलं, ती गोष्ट येगळी."

कमल लोखंडे हे त्यांचं पूर्ण नाव मला फार उशिरा, त्यांच्या निरोपसमारंभाच्या पत्रिकेवर वाचून कळलं. आमच्यासाठी त्या नुसत्या बाई. चारठाण्याच्या पुढं आमचं गाव. चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या. दुसऱ्या गुरुजींची जागा बहुतेक रिकामीच असायची, म्हणून चारही वर्ग एकाच खोलीत बाईंच्या पुढ्यात. बाई सेलूहून सकाळच्या एसटीनं येत आणि संध्याकाळच्या एसटीनं जात. त्यांच्या घरी कोण आहे, हे गावात कुणाला नीट माहीत नव्हतं. कपाळाला बारीक टिकली असे, गळ्यात काही नसे. बायका आडून आडून विचारायच्या. बाई म्हणायच्या, "आहे की घर. कुलूप लावून आलेय."

पदराच्या काठात कायम एक सुई खोवलेली, तिला पांढऱ्या दोऱ्याची छोटी गुंडाळी. कुणाच्या सदऱ्याचं बटण तुटलं, दप्तराचा बंद उसवला, की पाढे ऐकता ऐकता बाई शिवून द्यायच्या. आणि गोष्टीचं पुस्तक वाचताना त्यांची एक रीत होती. पान संपलं की बोट ओलं करून पानाच्या कोपऱ्यावर ठेवायचं आणि आम्हा सगळ्यांकडं बघायचं.

"उलटू?"

"उलटा!" असं सगळ्या वर्गानं म्हटल्याशिवाय पान हलायचं नाही. एखादा गप्प राहिला तर त्याच्याकडं बघत थांबायच्या. शेवटी तोही म्हणायचा.

मी पहिलीत असताना कचेरीतून शाळेसाठी पुस्तकांचं खोकं आलं. बाईंनी ते आमच्यासमोरच फोडलं. त्यात एक मोठ्या आकाराचं, चित्रांचं पुस्तक होतं. एका सफरचंदाच्या झाडाचं. गोष्ट अशी काही नव्हती. नुसतं झाड, आणि त्याच्यावरून जाणारं वर्ष. पहिल्या पानावर उघडंबोडकं झाड बर्फात उभं. पुढं कळ्या, मग फुलं, मग पानं. दर शनिवारी एक पान, असं ठरलं.

आमच्या वर्गात सफरचंद बऱ्याच जणांनी चित्रातच बघितलेलं. म्हणून एका शनिवारी बाईंनी सेलूच्या गाड्यावरून एक सफरचंद आणलं. सुरी पदराला पुसून इतक्या बारीक फोडी केल्या की आरपार उजेड दिसत होता. माझ्या वाट्याची फोड मी जिभेवर ठेवून घरापर्यंत नेली, तरी ती विरघळली नव्हती. बिया बाईंनी नारळाच्या करवंट्यांत माती घालून लावल्या आणि खिडकीत ठेवल्या.

पुस्तकातल्या झाडाला एवढीशी हिरवी फळं धरली आणि एकच पान उरलं, त्या शनिवारी खिडकीजवळ बसणारी गंगू ओरडली, "बाई, आलंय! आलंय बघा!" एका करवंटीत दोन पानांचा कोंब वर आला होता.

सगळा वर्ग खिडकीशी. बाईसुद्धा. मग त्या जागेवर आल्या आणि पुस्तक हातात घेतलं.

"हे शेवटचं पान आता नाही वाचायचं," म्हणाल्या. "आपलं झाड आलंय. त्याला सफरचंद लागलं की वाचू."

आम्ही आरडाओरडा केला. बाईंनी पदरातली सुई काढली आणि ते शेवटचं पान मागच्या पुठ्ठ्याला धावदोरा घालून शिवून टाकलं.

गंगू रुसून म्हणाली, "तुमी तर वाचलंच असंल की घरी."

"नाही वाचलं. गोष्टीचं पुस्तक मी एकटीनं वाचत नाही," बाई म्हणाल्या. "घरी कुणाला विचारू, उलटू का म्हणून?"

तेव्हा आम्हाला त्यात काही वाटलं नाही.

रोप मैदानात लावलं, बकऱ्या येऊ नयेत म्हणून भोवती बाभळीच्या काट्यांचे फास घातले. ते वाढलं. आमच्या छातीएवढं झालं, मग डोक्याएवढं. पानं चांगली यायची. पण फूल नाही. दरवर्षी नव्या पहिलीला बाई ते पुस्तक पहिल्या पानापासून वाचायच्या, आणि आम्ही मोठेही मान लांब करून ऐकायचो. शिवलेल्या पानाशी आलं की बाई पुस्तक मिटायच्या आणि सगळी पोरं खिडकीतून झाडाकडं बघायची.

पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलं होतं, हिवाळा येण्याआधी झाडाची पानं गळतात. गंगू म्हणाली, "पुस्तक चुकलंय बाई. पानं होळीच्या तोंडाला गळत्यात. आमच्या कडूलिंबाची बघा की." बाईंनी पेन्सिल काढली आणि समासात लिहिलं: आपल्याकडे होळीच्या तोंडाला. खाली गंगूचं नाव. तेव्हापासून ज्याला जे वेगळं दिसलं ते त्याच्या नावानं समासात जायला लागलं. एकदा तपासणीला साहेब आले, पुस्तक चाळून चिडले. "शासनाच्या पुस्तकावर हे कुणी गिरबटलं?"

"पुस्तकानं विचारलं सर, पोरांनी सांगितलं," बाई म्हणाल्या. साहेबांनी पुढची पानं चाळली, शिवलेल्या पानापाशी थांबले. "आणि हे?" बाईंनी कारण सांगितलं. साहेबांनी एकदा झाडाकडं बघितलं, एकदा बाईंकडं, आणि चहा मागवला.

मी तिसरीत असताना बाईंनी हिवाळा आणला. झाडाला फूल का येत नाही यावर वर्गात मोठी चर्चा झाली होती. निष्कर्ष असा निघाला, की पुस्तकातलं झाड बर्फात झोपतं, आपल्या झाडाला झोपच मिळालेली नाही. बाईंनाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी एसटी थांबली आणि बाईंच्या मागून कंडक्टर एक तरटाचं ओझं ओढत उतरला. पाणी गळत होतं.

"बाई, मासोळी आसंल तर टपावर टाकायची. गाडीत नगं. लोकं वरडायलेत."

"मासोळी नाही हो," बाई म्हणाल्या. "हिवाळा आहे."

भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी होती. आम्ही दगडानं ती फोडली आणि झाडाच्या बुडाशी गोल रचली. रचता रचता निम्मी खाल्ली. दोन दिवसांनी निम्म्या शाळेचे घसे बसले. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, खांद्यावर घोंगडी टाकून शाळेशी आले. बाभळीच्या कुंपणातून वाकून बघत म्हणाले, "बाई, पोरास्नी झाली ती झाली. झाडाला सर्दी झाली तर कुनाला दावायचं?"

बाई तोंडाला पदर लावून हसल्या. हसताना मी त्यांना फार थोड्या वेळा बघितलं. पुढच्या हिवाळ्यातही त्यांनी बर्फ आणला. त्याच्या पुढच्याही. आमच्या मार्गावरचे कंडक्टर विचारायला लागले, "काय बाई, औंदा हिवाळा कवा?"

आम्ही मेंढपाळ. दिवाळीनंतर चारा संपला की आबा मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला जायचे, ते पाऊस पडल्यावरच माघारी. तिसरीच्या दिवाळीनंतर, हिवाळा आणून झाल्यावर, त्यांनी आईलाही आणि मलाही सोबत नेलं. शाळा सुटली, असंच घरात सगळ्यांनी धरलं होतं. कुणाला त्यात विशेष वाटलं नाही. मला वाटलं, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

एका रविवारी उतरत्या उन्हात, कुणाच्या तरी रिकाम्या रानात आमची मेंढरं बसलेली असताना, बांधावरून छत्री येताना दिसली. छत्रीखाली बाई. एसटीतून उतरून विचारत विचारत आल्या होत्या. आईनं घाईनं घोंगडी झटकून टाकली.

बाई सरळ आबांना म्हणाल्या, "दादा, मल्हारीला शाळेत ठेवा."

"साळंत बसून त्यो काय करील बाई? मेंढरं राखायलाय, बरं हाय की."

"गणित येईल. मेंढरं मोजता येतील."

"मेंढरं कुनी मोजतंय व्हय? नजर लागती. तोंडं वळखायची."

"याला ओळखता येतात?"

"समदी."

"मग अक्षरंही येतील. त्यांनाही तोंडं असतात."

आबा हसले, पण मान हलवली नाही. बाईंनीही पुढं काही म्हटलं नाही. चहा घेतला. पिशवीतून ते सफरचंदाचं पुस्तक काढलं आणि मला जवळ बसवून वाचायला लागल्या. शाळेतल्यासारखंच, खड्या आवाजात. आई चुलीपाशी, आबा जरा लांब, काठीवर हनुवटी टेकून. पहिलं पान संपलं.

"उलटू?"

मला आई-आबांसमोर लाज वाटली. मी गप्प. बाई थांबल्या. वारा होता, मेंढरं खोकत होती. मग आबाच म्हणाले, "उलटा की बाई. म्होरं काय झालं?"

मग दर पानाला आबाच म्हणत गेले. एवढीशी हिरवी फळं धरली आणि बाईंनी पुस्तक मिटलं.

"म्होरं?"

"ते पान शिवलंय. शाळेतल्या झाडाला सफरचंद लागलं की वाचायचं."

"म्हंजी तुमाला बी ठावं न्हाई?"

"नाही. त्या दिवशी जो शाळेत असेल त्याला ऐकायला मिळेल."

एवढं बोलून बाई उठल्या, छत्री उघडली आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून झपाझप निघून गेल्या. आबा त्या दिसेनाशा होईपर्यंत बांधाकडं बघत होते. रात्री जेवताना आईला म्हणाले, "पोराला आत्याकडं ठिवू. झाड लागंल तवा एक तरी मानूस तिथं पायजे." हे ते थट्टेत म्हणाले की खरंच, हे मी आजवर विचारलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी गावात आत्याच्या घरी होतो, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत. पुढचं सगळं, जिंतूरचं हायस्कूल, परभणीचं कॉलेज, आमच्या घरातली पहिली पदवी, आत्ताची लांबच्या जिल्ह्यातली वनस्पतिशास्त्राची प्राध्यापकी, हे त्या न वाचलेल्या पानाच्या मागून आलेलं आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बाई झाडाला पाणी घालायला यायच्या. सकाळच्या गाडीनं येऊन संध्याकाळच्या गाडीनं जायच्या. दोन बादल्या पाण्याला एवढा वेळ लागत नाही. उरलेला दिवस त्या बंद शाळेच्या पायरीवर बसून असायच्या, पिशवी मांडीवर. कुणी पोरगं दिसलं की हाक मारायच्या. पोरं तेव्हा विहिरीवर, रानात. एकदा आई पाणी भरून येताना शेजारणीला म्हणाली, "लेकरू न्हाई ना पोटी, म्हून झाडाला जपायल्यात." आईचा आवाज मुळात मोठा. बाईंनी ऐकलं. मी आईच्या मागं होतो.

"लेकरं रगड आहेत गं," बाई पायरीवरूनच म्हणाल्या. "उन्हाळ्यात तेवढी कमी पडतात."

आईनं त्या दिवशी त्यांना जेवायला नेलं. पुढं दर उन्हाळ्यात एक दिवस ठरूनच गेला.

झाडाला सफरचंद लागलं नाही. मी पुढं शिकलो तेव्हा कारण समजलं. त्या जातीच्या झाडाला लागते तेवढी थंडी आमच्याकडं कधीच पडत नाही, आणि लादीभर बर्फानं ती भरून निघत नाही. मी बाईंना हे सांगितलं नाही. मला वाटतं त्यांनाही ते केव्हाच कळलेलं असावं. बर्फ मात्र त्या निवृत्त होईपर्यंत येत राहिला. त्या शाळा सोडून गेल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात शाळेचा बोअर आटला आणि झाड वाळलं. कुणाची चूक नव्हती.

सेलूला रेल्वे फाटकाच्या अलीकडं बाईंची भाड्याची खोली आहे. गावी गेलो की मी तिथं जाऊन येत असे. खोलीत एक कॉट, एक शेगडी, आणि भिंतीला लागून पुस्तकांची फळी. पुस्तकं सगळी मुलांची. खाली सतरंजी कायम अंथरलेली. सुरुवातीला शेजारची मुलं शनिवारी यायची. मग त्यांना शिकवण्या लागल्या, मग मोबाइल आले. सतरंजी तशीच राहिली. मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा फळीवर ते पुस्तक दिसलं. शाळेनं नवी पुस्तकं आल्यावर ते रद्दीत काढलं, बाईंनी रीतसर मागून आणलं. दोरा तसाच होता, फक्त पिवळा पडलेला.

"बाई, झाड तर गेलं," मी म्हणालो. "आता वाचायला काय हरकत आहे?"

"हरकत नाही रे," त्या म्हणाल्या. "पण उलटू का, म्हणून विचारायचं कुणाला?"

मी तिथंच होतो. मला विचारा, असं म्हणायला हवं होतं की काय, हे मला तेव्हा सुचलं नाही. बाई चहा ठेवायला उठल्या होत्या.

या मे महिन्यात पुतण्याच्या जावळासाठी आम्ही सगळे पोखर्णीला नरसिंहाला गेलो. परत येताना रस्त्याकडेला एका शेतकऱ्यानं टोपलीत सफरचंदं मांडलेली दिसली. लहान, निम्मी हिरवी, निम्मी लाल. मी गाडी थांबवली.

"कुठली आहेत?"

"हिथलीच. त्ये काय झाडं." त्यानं बोट दाखवलं. काळ्या रानात, जुनी लुगडी बांधून केलेल्या सावलीत, खरोखर सफरचंदाची झाडं उभी होती. "रोपं लांबून आनली. ही जात उन्हाला दम धरती."

"चवीला कशी आहेत?"

तो जरा विचार करून म्हणाला, "सफरचंदावानी हायेत."

अशा जाती आल्याचं मी वाचलेलं होतं. पण आमच्या मातीत, आमच्या उन्हात, फांदीला लोंबणारं सफरचंद बघून मी गाडीतून उतरून थेट झाडाजवळ गेलो. माझी मुलगी इशा दुसरीत आहे. तिनं शेतकऱ्याला विचारून एक स्वतःच्या हातानं तोडलं. तिला बाईंच्या पुस्तकाची गोष्ट माहीत आहे, कारण तिला झोपवताना मी ती समासातल्या नावांसकट सांगतो आणि दर वेळी शेवटच्या पानाशी थांबतो. बाकीच्यांना घरी सोडून मी तिला घेऊन सेलूला गेलो.

बाईंना आता कमी ऐकू येतं. सफरचंद त्यांनी हातात घेतलं, नाकाशी नेलं, देठ बघितला. देठाला दोन पानं होती.

"बाजारातलं नाही हे."

"नाही बाई. पोखर्णीच्या रानातलं. इशानं तोडलंय."

त्या कितीतरी वेळ त्या पानांवरून बोट फिरवत राहिल्या. मग फळीवरून पुस्तक काढलं, सतरंजीवर बसल्या आणि इशाला समोर बसवलं. मीही बसायला लागलो, तर म्हणाल्या, "तू बाहेर थांब, मल्हारी. सफरचंद तिनं आणलंय. तुझ्या वर्गाचं झाड अजून लागलेलं नाही."

मी हसत बाहेर ओट्यावर बसलो. आतून आवाज येत होता, पूर्वीपेक्षा बारीक, पण तोच.

"उलटू?"

"उलटा!"

एकटीचाच आवाज होता, तरी बाई दर पानाला थांबत होत्या. मग कात्रीचा आवाज. नंतर बाई काही वाचत होत्या, पण नेमकी फाटकातून मालगाडी गेली. गाडी संपली तेव्हा आत दोघी हसत होत्या. थोड्या वेळानं बाई म्हणाल्या, "मला दिसत नाही गं. दोरा ओवून दे जरा." मला वाटलं, इशाच्या फ्रॉकचं बटण तुटलं असेल.

निघताना त्या दारात उभ्या होत्या. हात हलवायची त्यांना सवय नाही. पदराच्या काठात सुई होती. गाडी वळेपर्यंत मी आरशात बघत होतो. त्या आत गेल्या नाहीत.

घरी पोचल्यावर चार-पाच दिवसांनी मी त्यांना पत्र लिहिलं. ते असं:

आदरणीय बाई,

सा. न.

आम्ही सुखरूप पोचलो. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही म्हणून लिहितो आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

इशानं सफरचंदाच्या बिया लावल्यात. कुंडी आणली होती, पण तिला नारळाची करवंटीच पाहिजे होती. बी रुजेल का, रुजलं तरी पुढं काय होईल, हे मी कॉलेजात मुलांना शिकवतो. तिला सांगितलं नाही. काल तिनं फ्रिजमधला बर्फ करवंटीभोवती रचला. मी पंखा बंद करून दिला.

शेवटचं पान तुम्ही पुन्हा शिवलंत, हे तिनं मला सांगितलं. त्या पानावर काय आहे ते मात्र सांगत नाही. "बाईंनी बजावलंय, आमचं झाड आल्यावर," एवढंच म्हणते. आबांनी फोनवर तिची विनवणी केली, "पोरी, मला म्हाताऱ्याला तरी सांग. मी लय दिसांपासून थांबलोय." त्यांनाही नाही म्हणाली. आबा खूप हसले.

बाई, पान शिवलंत ते बरं केलंत.

सतरंजी काढू नका. दिवाळीच्या सुट्टीत इशाला घेऊन येतो. आबाही येणार आहेत, मेंढरं भावाकडं सोपवून. पहिल्या पानापासून वाचा. या वेळी "उलटा" म्हणायला आम्ही तिघं आहोत.

तुमचा विद्यार्थी,
मल्हारी